एक मूठ म्हणजे तीन इडल्या

...नाही रे, तो नव्हे, तो बंद पडलेला जुना मीटर, नवा पुढच्या खांबाला आहे — पण आत्ता लगेच पुढे जाऊ नकोस, अंगण झाडून पाणी मारलंय, ओलं आहे, पावलं उमटतील, आणि आज पावलं उमटून चालायचं नाही. बस इथेच. ती बादली उलटी कर आणि बस. विजयन कायम त्याच बादलीवर बसायचा — तुझ्या आधीचा रीडिंगवाला — बदली झाली म्हणे त्याची, आणि नवा पोरगा येईल असं तोच सांगून गेला होता, तो तू. हेल्मेट ठेव खाली. काय म्हणतोस? हां, नाव सांग, नंतर सांग, आधी जरा सरक तिकडे, कढईतून उडतं. घाण्याकडे पाठ फिरवली की घाणा गेला म्हणून समज. केळ्याच्या वेफर्सचं काम डोळ्यांचं नाही, कानांचं आहे. आता बघ कसा कल्ला चाललाय तेलात — म्हंजे आत पाणी आहे अजून. हा कल्ला उतरला की मिठाचं पाणी मारायचं. मारलं की पुन्हा बोंब. आणि ती बोंब थांबली की झाऱ्यावर वाजवून बघायचं, काचेच्या बांगड्या वाजल्यागत वाजले की काढायचे. आवाज सोपा आहे, धीर अवघड आहे.

घे, खा. कागदावर घे, गरम आहेत. अरे लाजतोस काय, वेफर्सना कोण लाजतं? पण एक मूठ. एकच. मुलगी वर आहे माझी, साडी नेसतेय, गाणी लावलीयत म्हणून तिला इथलं ऐकू येत नाही, नाहीतर एव्हाना खाली येऊन तुझ्या मुठीकडे बघून म्हणाली असती — दादा, तुमच्या हातात तीन इडल्या आहेत. हो, तीन इडल्या. ती सगळं इडल्यांत मोजते. आहारतज्ज्ञ आहे ना, पेरिंतलमण्णाला, हॉस्पिटलात. कॅलरी सांगितल्या की लोक नुसती मान हलवतात, इडली सांगितली की डोळे उघडतात, असं तिचं म्हणणं. आणि खोटं नाही ते. तीन इडल्या खाल्ल्यास तर तू काय करशील? पाणी पिशील, ढेकर देशील, हात धुवायला उठशील. आणि एवढे मूठभर वेफर्स खाल्लेस की काय करतोस? दुसरी मूठ घेतोस. पोटाला पत्ताच लागत नाही. — बघ, घेतलीसच. घे, मी काही बोलत नाही. मी बोलणारा नव्हे, बोलणारी वर आहे.

तसं केळं वाईट नाही हो. केळ्याची बाजू मी मांडणारच, माझ्या परसातलंच आहे. कच्चं नेंद्र केळं — त्यात ते पोटॅशियम, रक्तदाबाला चांगलं. त्यातलं पीठ सावकाश पचतं, बरंचसं तर न पचताच खाली उतरतं आणि आतड्यांच्या कामी येतं. हे मी नाही म्हणत, निमिषा म्हणते. निमिषा म्हंजे माझी मुलगी. पण तेच केळं चकत्या करून तेलात सोडलं की काय होतं? पाणी बाहेर, तेल आत. जेवढ्या वजनाचे वेफर्स, त्याचा तिसरा हिस्सा निव्वळ तेल. आणि आमचं तेल खोबरेल, त्याशिवाय चव नाही, आणि ते तर थंडीत गोठणारं, मग ते रक्तात जाऊन काय करत असेल, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, तुझा आजोबा नव्वदीपर्यंत खोबरेल खाऊन जगला. तर म्हणते, आजोबा नांगर धरत होते, अच्छन, तुम्ही टीव्हीचा रिमोट धरता. आता बोल. पोटच्या पोरीला शिकवलं की बापाला हे ऐकायला मिळतं.

लाडवावर तिचा एवढा राग नाही, गंमत बघ. म्हणते, लाडू प्रामाणिक आहे, तोंडावरच सांगतो मी गोड आहे, मी पाप आहे. वेफर्स लबाड. फळाचं नाव लावून येतात. आया पोरांच्या डब्यात भरून देतात आणि म्हणतात, केळंच तर आहे. त्यात मीठ. त्यात कुरकुर. कुरकुरीत वस्तू खाताना थांबायचं कुठे ते कळत नाही म्हणते, वाटी संपते तिथे माणूस थांबतो. म्हणून तिचा नियम — खायचे तर वाटीत घेऊन, मूठभर, जेवणाच्या ऐवजी नाही, चहाबरोबर रोज नाही. आणि ते पाकिटातले तर नाहीच, तेच ते तेल दहादा तापवलेलं. आणि चकती जाड हवी. पातळ चकती जास्त तेल पिते, हे तुला माहीत होतं? मलाही नव्हतं. पृष्ठभाग का काय म्हणाली ती.

हो, मी पातळ काढतोय. दिसतंय तुला. अगदी कागदासारखे. — का, ते असू दे. साली फेकू नकोस त्या, हळदीच्या पाण्यात पडू देत, चीक निघतो. उद्या बारीक चिरून लाल चवळीबरोबर भाजी. या सगळ्या पसाऱ्यात निमिषाला पसंत पडणारी वस्तू तेवढी एकच, साल. बाकी सगळं मी तिच्या दृष्टीने हृदयरोगाचं दुकान मांडलंय.

आज काय आहे म्हणून काय विचारतोस — विचारलं नाहीस? बरं, मीच सांगतो. आज मुलगी बघायला येतायत. पट्टांबीहून. मुलगा शाळेत मास्तर आहे म्हणे, गणिताचा. फोटो बघितला मी, पण फोटोत सगळेच सारखे, मिशीवाले. आणि मुलाचं मला काय. मुलाचा मामा येतोय, तो महत्त्वाचा. आमच्यात बाप गप्प बसतो आणि मामा बोलतो, ठाऊकच आहे तुला. आणि हा मामा — कुंजप्पूने सांगितलं मला, कुंजप्पू दलाल, त्यानेच आणलं हे स्थळ — हा मामा म्हंजे भारी मानी माणूस. लग्नाच्या पंगतीत पापड तुटका वाढला म्हणून उठून गेलेला. दोन वर्षांपूर्वी हृदयात ती नळी बसवली. आणि तरीही वेफर्स दिसले की राहवत नाही. मानी, नळीवाला, आणि वेफर्सचा भक्त. मी कुंजप्पूला म्हटलं, कुंजप्पू, असं स्थळ शोधून सापडायचं नाही. तो खूश झाला. त्याला वाटलं मी कौतुक करतोय.

मुलगी बघायला आल्यावर वेफर्स ठेवायचेच. चहा, वेफर्स, चिवडा, लाडू, ही रीतच आहे, वेफर्स नसले तर पाहुणे समजतात की नकार कळवला. आता विचार कर. समोर टेबल, टेबलावर ताटली, ताटलीपलीकडे पाहुण्यांचा मामा, आणि चहाचा ट्रे घेऊन येणार कोण? निमिषा. पहिल्या वेळी काय झालं सांगू? त्रिशूरचे लोक होते. सोन्याचं दुकान, गाडी अशी लांब, आमच्या फाटकातून आत येईना. मुलाचे मामा बसले, हा एवढा घेर, आणि लागले मुठी भरायला. निमिषा चहा देऊन बसली. मी बघतोय तिच्याकडे. तिचे ओठ हलतायत. मोजतेय. पाचवी मूठ झाली आणि म्हणाली, अगदी गोड आवाजात हं — मामा, आतापर्यंत पंधरा इडल्या झाल्या. मामांना कळेना. म्हणाले, कुठायत इडल्या? तर तिने समजावलं. तेल समजावलं, मीठ समजावलं, वर हात पुढे करून म्हणाली, कमरेचं माप घेऊ का, टेप आहे माझ्याकडे. टेप होती हो. पर्समध्ये. मुलगी बघायला आलेल्या लोकांसमोर तिने मामांच्या पोटाला टेप लावायची तयारी दाखवली. गाडी मागे घ्यायला जेवढा वेळ लागला तेवढाच, त्यानंतर ते लोक दिसले नाहीत.

मग शोरनूरचे. मग मंजेरीचा तो बँकवाला — त्याच्या आईला म्हणाली, तुमची साखर कधी तपासली होती. मग एक दुबईवाला. ते तर भेट म्हणूनच पाकीट घेऊन आले होते वेफर्सचं, हिने ते उलटं करून मागचं वाचून दाखवलं, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण आमची नकटी नाही रे, नाकीडोळी चांगली आहे, शिकलेली आहे, स्वभावाने लोणी आहे. फक्त ताटली दिसली की अंगात येतं.

खा, खा. तिसरी मूठ का? चालतं. तू काय, सायकल मारत — मोटरसायकल? बरं. मग चालत नाही.

तिची आई मस्कतला आहे. सौदामिनी. नर्स. निमिषा दुसरीत होती तेव्हा गेली, अजून दोन वर्षं आहेत तिची तिकडची. मी इथे सायकल दुरुस्तीचं दुकान आणि ही पोरगी. लोक हसायचे — मस्कतवालीचा नवरा, म्हणायचे, बायको कमावते आणि हा वेण्या घालतो. घालत होतो. दोन वेण्या, रिबीन लावून, हाताला ग्रीस. एकदा रिबिनीला ग्रीस लागलं तर बाईंनी तिला उभं केलं वर्गात, आणि ही म्हणाली, माझ्या अच्छनने घातलीय वेणी, तुम्हाला येते का अशी? — काय सांगत होतो? सौदामिनी. ती तिकडून फोन करते, दर शुक्रवारी. लग्नाचं काय झालं, लग्नाचं काय झालं. उंटावरून शेळ्या हाकते, आणि तिथे तर उंट खरेच आहेत. मी म्हणतो, बघतोय. स्थळं येतायत. तुझ्या मुलीचं तोंड आवरत नाही त्याला मी काय करू. ती म्हणते, मग ताटली ठेवू नका. मी म्हणतो, रीत आहे. रीत मोडू कशी.

आणि एक सांगू, या घरात तेल तापलं की कुणीतरी जाणार, असंच चालत आलंय. सौदामिनी सुट्टीवर यायची, महिनाभर, आणि जायच्या आदल्या दिवशी मी इथेच, याच चुलीवर, पाच किलो वेफर्स काढायचो तिच्या बॅगेसाठी. तिथे नाइट ड्यूटीला सगळ्या जणी मिळून खायच्या. निमिषा शाळेतून यायची, फाटकातच तिला वास यायचा, आणि दप्तर तिथेच टाकून रडायला लागायची. एवढीशी होती. तेव्हापासून वेफर्स खात नाही ती. लोकांना काय सांगते, तेल, मीठ, अमुक तमुक — ते खरंच आहे, पुस्तकात आहे — पण मला माहितीय कुठून सुरू झालं ते. मलाही तो वास आवडायचा नाही, तू हसशील. पण आता इतक्या वेळा तापवलं तेल, गेल्या दोन वर्षांत, आणि कुणी गेलं नाही. उलट आलेले गेले. म्हणून मला आता वास बरा वाटायला लागलाय.

हो, मग. मुद्दामच. आता तुला काय लपवायचं, तू रीडिंग घेणार आणि जाणार, पुन्हा दोन महिन्यांनी येणार. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पहिल्या वेळी आपोआप झालं, त्रिशूरवाल्यांच्या वेळी, मी खरंच रीत म्हणून ठेवले होते. पुढच्या वेळेपासून मी ताटली मोठी घेतली. मग ती मामांच्या बरोबर समोर सरकवायला लागलो. मग चकत्या पातळ, म्हंजे तेल जास्त, म्हंजे तिला बोलायला जास्त. मी काही वाईट करत नाही. मी फक्त वेफर्स ठेवतो. बोलते ती, उठतात ते. आणि ते गेले की आम्ही दोघं बसून उरलेला चहा पितो, आणि रात्री ती मला सांगते कोण पेशंट आला, कोणी काय खाल्लं, आणि मी ऐकतो. दुसऱ्या घरी गेल्यावर हे कुणाला सांगेल ती? आणि मी कुणाचं ऐकू, रेडिओचं? ती गेली की हे घर — चार खोल्या आहेत, दोन बंदच असतात. तिसरी बंद होईल. म्हणून म्हणतो, आजचा मामा आला ना, तर तिसऱ्या मुठीला खेळ खलास.

आता कल्ला उतरला बघ. मिठाचं पाणी दे इकडे, ती वाटी. — सांग आता नाव, मघापासून तोंड उघडतोयस. काय? प्रजीश. बरं नाव आहे. कुठला तू, प्रजीश?

पट्टांबीचा.

पट्टांबीला वीज मंडळाचं ऑफिस — नाही? शाळेत? कसली शाळा? नाही, थांब. तो मुलगा असा नाही येत. मुलगा गाडीतून येतो, मामाच्या शेजारी बसून, पुढच्या दाराने येतो, चप्पल काढताना घाबरलेला असतो. मुलगा मागच्या दाराने हेल्मेट घेऊन येत नाही, बादलीवर बसत नाही. मी चार स्थळं बघितली, एकही बादलीवर बसलं नाही. तुझ्या खांद्याला ती बॅग, त्यात रीडिंगचं मशीन आहे ना? — वह्या. तपासायच्या वह्या.

करपले. बघा, करपले की नाही. काळे कुळकुळीत. उठा तिथून, उठा, बादलीवर काय बसताय, ही खुर्ची घ्या. टॉवेल टाकतो त्यावर, थांबा. आणि मी मघापासून अरेतुरे करतोय तुम्हाला, तुम्ही सांगायचं तरी — हो, सांगत होतात. चार वेळा सांगत होतात. मी बोलू दिलं नाही. आणि जे बोललो ते — मी गंमत करत होतो. म्हातारा माणूस, तेलाचा धूर डोक्यात जातो. मुद्दाम वगैरे काही नाही हो, मुद्दाम कोण आपल्या मुलीचं लग्न मोडेल. आणि तुमच्या मामांबद्दल जे म्हणालो, पापड वगैरे, ते कुंजप्पूने सांगितलं, माझं काही नाही त्यात. नळीबद्दल काळजीपोटी बोललो. — ते मागे आहेत? रेल्वेचं फाटक पडलंय आणि गाडी अडकलीय, म्हणून तुम्ही मोटरसायकलवर पुढे आलात. बरोबर. पण मग मागच्या दाराने का? पुढचं अंगण दिसलं नाही?

तिने सांगितलं. कोणी, निमिषाने? मागच्या दाराने जा, अच्छन तिथे तळत असतील, असं सांगितलं? तिचा तुमचा काय संबंध, तुम्ही तर आज पहिल्यांदाच — तुमच्या शाळेत आली होती. गेल्या वर्षी. हां, ते डब्याचं व्याख्यान, मुलांच्या डब्यात काय द्यावं. सांगितलं होतं तिने मला. एका वर्गातल्या पोरांनी आपापल्या पाकिटांच्या इडल्या मोजून फळ्यावर लिहिल्या, आणि मास्तरने शेवटी स्वतःच्या खिशातलं पाकीट काढून कबूल केलं, नऊ इडल्या. फार हसली होती सांगताना. तो मास्तर तुम्ही? आणि तेव्हापासून, वर्षभर, तुम्ही दोघं — बरं. बरं. म्हणजे कुंजप्पूने स्थळ आणलं नाही, त्याला आणायला लावलं. माझंच स्थळ घेऊन जा म्हणून तुम्ही त्याला पाठवलं, आणि तो माझ्याकडून चहा पिऊन गेला, लाडू खाऊन गेला. येऊ दे त्याला.

काय निरोप आहे तिचा? सांगा. मी मध्ये बोलत नाही.

तिला माहीत आहे? कधीपासून? दुसऱ्या वेळेपासून. म्हणजे ताटली मोठी घेतली तेव्हापासून. आणि तरी ती — मग का बोलायची? मंजेरीच्या बाईला साखरेचं का विचारलं, दुबईवाल्याचं पाकीट का वाचलं, तिला कळत होतं ना की हा बाप मुद्दाम — काय म्हणालात? पुन्हा सांगा. त्रिशूरवाले गेले त्या संध्याकाळी मी बशा धुताना गुणगुणत होतो. मी गुणगुणत होतो? मला आठवतही नाही. आणि तिने ते दारातून ऐकलं. पहिल्या वेळी ती खरंच चिडून बोलली होती, आणि पुढची तीन — पुढची तीन स्थळं तिने माझ्यासाठी घालवली. अच्छनला हवंय म्हणून. मी ताटली ठेवायची आणि तिने बोलायचं. मला वाटत होतं मी तिला खेळवतोय.

शरम वाटतेय मला. स्पष्टच सांगतो, तुमच्यापासून काय लपवणार आता, राहिलंय काय.

आणि आज? आज तिचं काय म्हणणं? ताटली ठेवली तर ती बोलणार. तुमच्या मामांना, तोंडावर, नळीसकट. आणि मामा उठणार. आणि ताटली नसली तर गप्प बसणार, हसून चहा देणार. अच्छनने ठरवावं. आणि तुम्ही याला हो म्हणालात? वा रे वा गणिताचे मास्तर. स्वतःच्या लग्नाचा निकाल एका म्हाताऱ्याच्या ताटलीवर सोडून इथे निरोप द्यायला आलात. मी ठेवली तर? — वाट बघेन म्हणता. किती वाट बघाल? हसू नका. माझ्यावर ढकलून वर मजेत साडी नेसतेय, मग मी ठेवतोच ताटली. ही मोठी आहे ना, हीच ठेवतो, काठोकाठ भरून ठेवतो. रीत आहे आमची. मी काय कुणाला बांधील आहे?

तिला काय हवंय? नाही, तुम्हाला काय हवंय ते नको, ते दिसतंय, चार मुठी खाऊन अजून उठत नाही आहात. तिला. तिने तोंडाने सांगितलं? कुठे, केव्हा — नको, राहू दे, ते नका सांगू, बापाने ऐकायचं नसतं. पण सांगितलं ना. बरं.

पट्टांबी म्हंजे काय, पॅसेंजर गाडीत बसलं, शेंगांची पुडी संपायच्या आत पट्टांबी. मस्कत नाही. तिथून संध्याकाळी फोन लागतो, शुक्रवारची वाट बघावी लागत नाही. — नाही, नाही, मी तुमच्याकडे राहायला वगैरे येणार नाही, ते मनातून काढून टाका. जावयाच्या घरी राहून काय करू, तुमच्या वह्या तपासू? माझं इथे परस आहे, केळी आहेत, दोन वर्षांनी सौदामिनी येईल, तिला घर उघडं दिसायला नको? दोन वर्षं काढीन. आधी वीस काढलीच की, पण तेव्हा निमिषा होती. आता नसेल. मला ते जड जाणार आहे, आणि ते मी तुमच्यासमोर हसत सांगणार नाही. जड जाणार आहे.

हॉर्न. ऐकलात? वळणावर आहे गाडी, तिथे सगळे वाजवतात. उठा. उठ रे बाबा, बघतोस काय. ती बॅग उघड. वह्या बाजूला कर — हा डबा आत जातो का बघ. सगळेच्या सगळे घेऊन जा, एक तुकडा घरात ठेवू नकोस, नाहीतर माझा हात राहायचा नाही, मी ठेवीनच. मामाला देऊ नकोस त्यातला. शाळेत नेऊ नकोस, पोरं तुला फळ्यावर लिहितील. तू खा, वाटीत घेऊन, मूठभर, रोज नाही. आणि पुढच्या वेळी जाड चकत्या काढीन, तेल कमी पितात.

मग पाहुण्यांना काय देणार म्हणून काय विचारतोस. आत पिकलेला घड टांगलाय नेंद्र केळ्यांचा, उकडतो. हो, उकडलेली केळी. तान्ह्या पोरांना आणि आजाऱ्यांना देतात ती. आमच्या ओट्टप्पालमभर बोभाटा होईल उद्या, या चात्तुण्णीने आपली मुलगी दाखवताना उकडलेली केळी ठेवली म्हणून, कुंजप्पूच सांगत फिरेल. फिरू दे. तुझा मामा नाक मुरडेल, नकार समजलाच तर मी तोंडाने होकार सांगेन, पण मऊ केळ्यावरून कुणी उठून गेल्याचं मी ऐकलं नाही. मला पाणी तापायला आणि साली उलायला वेळ लागेल, तेवढं मामाला अंगणातच धर — फणस दाखव, विहीर दाखव, विहीर खोल आहे, सांगण्यासारखी आहे. पुढून आत ये, चप्पल काढताना घाबर, मी तुला पहिल्यांदाच बघतोय. निमिषाला काही सांगायला जाऊ नकोस. ट्रे घेऊन येईल, टेबलाकडे बघेल, तिचं तिला कळेल. जा आता.